दहावं नाव

गोपनीय शाखेचा माणूस कोण, हे लातुरात सगळ्यांना ठाऊक असायचं. चहावाल्याला, मंडपवाल्याला, ज्यांच्यावर पाळत ठेवायची त्यांना, आणि त्यांच्या सासुरवाडीलाही. ठाऊक नसायचं ते फक्त नव्याने बदलून आलेल्या आमच्या साहेबांना.

नोकरीच्या सुरुवातीला मी उमरीला होतो. पहिल्याच कामगिरीवर मोठ्या गुप्तपणे एका सभेत मागच्या रांगेत जाऊन बसलो. पाच मिनिटांत एकजण पाण्याचा तांब्या घेऊन आला. "सायब, पुढं बसा की. तितं पंख्याचं वारं लागतंय." मला कसं ओळखलंस, असं विचारलं तर त्याने नुसतं माझ्या पायाकडे बघितलं. अंगात चौकड्याचा शर्ट आणि खाली सरकारी लाल बूट. दुसऱ्या दिवशी मी चपला घेतल्या, पण तोवर उशीर झाला होता. पुढे बायकोची शाळा लातूरला म्हणून बदली मागून घेतली, तर तिथे माझ्या आधी माझी कीर्ती पोचलेली. हुद्दा हवालदाराचा, पण निजामाच्या अमलापासून आमच्याकडे हवालदाराला जमादार म्हणतात. रिटायर होईपर्यंत मी सगळ्यांचा 'जमादार' राहिलो.

काम सांगायला सोपं होतं. जे लोक दुसऱ्या जातीधर्माच्या माणसांना हाकला, झोडा, त्यांच्या दुकानाची पायरी चढू नका असं सांगत फिरतात, ते कोण, कुठे जमतात, काय बोलतात आणि ऐकायला किती येतात, हे लिहून वर पाठवायचं. पुढे भडका उडालाच तर 'आम्ही आधीच कळवलं होतं' म्हणायला तो कागद उपयोगी पडतो. भडका उडू नये म्हणून तो कागद उपयोगी पडला, असं मी नोकरीत तीन-चारदाच पाहिलं.

माझी ठरलेली गिऱ्हाइकं दोन. एक हिंदूंचा मंच आणि एक मुसलमानांची कमिटी. दोघांची पूर्ण नावं लांबलचक होती आणि दोन्हींत 'जागृती' हा शब्द होता. झोपेतून उठवायची या लोकांना भारी हौस. बाहेरून वक्ते आणायचे, आणि ते तेच भाषण करायचे. आपण किती सहन करायचं, आपल्या लेकीबाळी, ते किती वाढले, शेवटची संधी. एकदा माझ्या हातून दोन अहवालांची पानं टाचताना अदलाबदल झाली. मंचच्या वक्त्याचं भाषण कमिटीच्या नावाने वर गेलं आणि कमिटीचं मंचच्या. वर कुणाला काही कळलं नाही. उलट 'अहवाल समाधानकारक' असा शेरा आला.

सभेला मी नसलो तर आयोजकांना अपमान वाटायचा. थोरलीच्या बाळंतपणासाठी मी आठवडाभर रजेवर होतो, तर मंचवाल्यांनी सभा पुढे ढकलली. "जमादार न्हाईत तर सभेला काय वजन?" असं त्यांचा चिटणीस घरी येऊन म्हणाला, आणि जाताना बाळाच्या हातावर टोपडं ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बाजू आकड्यासाठी घासाघीस करायच्या. "आमचे चारशे लिवलेत? अवो, हजार होते!" आणि लगेच हळूच, "आन त्यांचे किती टाकलेत परवा?"

अहवालाच्या शेवटच्या रकान्यात 'प्रमुख उपस्थित' अशी नावं लिहायची असत. कुण्या जुन्या साहेबाने फर्मान काढलं होतं की नावं किमान दहा पाहिजेत. दहाहून कमी असली की कागद परत. सात-आठ नावं सहज मिळायची. नववं डोकं खाजवून सुचायचं. दहाव्याला मी मान वर करून खांबावरच्या भोंग्याकडे बघायचो. भोंग्यावर पिवळ्या रंगाने लिहिलेलं असायचं: महेबूब साउंड सर्व्हिस, निलंगा. मी लिहायचो, '१०. शेख महेबूब'. कागद पास.

हा महेबूब मला भूकंपात भेटला.

औसा-निलंग्याकडची गावं भुईसपाट झाली होती आणि वाचलेले लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. महेबूबने स्वतःचा लाउडस्पीकर जीपवर बांधून आणला होता. कुणी बोलावलं नव्हतं. कुणाचं लेकरू सापडलं, कुठे जेवण वाटतायत, डॉक्टर कधी येणार, हे तो दिवसभर पुकारायचा. मराठीतून, दखनीतून, आणि सीमेकडच्या म्हाताऱ्यांसाठी मोडक्यातोडक्या कानडीतून. त्याच वस्तीवर एक कॉलेजातले सर ट्रक घेऊन यायचे. त्यांना सगळे के. डी. सर म्हणत. ते आधी आडनाव विचारायचे आणि मग घोंगडी द्यायचे. आडनाव पसंत पडलं नाही तर घोंगडी 'संपलेली' असायची. माझ्या वहीतली त्यांची पहिली नोंद ती.

एका सकाळी वस्तीवर आवई उठली की मुसलमानांनी पाण्याच्या टाकीत विष कालवलंय. घागरी रिकाम्या झाल्या. बाया लेकरांना ओकाऱ्या काढायला लावू लागल्या. पत्र्यापलीकडच्या शेडमध्ये मुसलमान कुटुंबं राहत होती आणि इकडच्या माणसांनी ढासळलेल्या घरांची दांडकी उचलली होती. मी एकटा. पाणी पिऊन दाखवावं हे मला सुचलं, पण प्यावंसं वाटलं नाही. पोलीस असलो तरी मनात कुठेतरी आलंच, की न जाणो, खरं असलं तर?

महेबूबने टाकीखाली तांब्या भरला, जीपवर चढला, माईक गळ्याला लावला आणि प्याला. घट, घट, घट. सबंध वस्तीने ते गिळणं भोंग्यातून ऐकलं. मग ढेकर. मग भोंग्यातून आवाज, "आता पंधरा मिंट थांबा. मेलो तर मारामारी करा. न्हाई मेलो तर घागरी भरा."

पाचव्या मिनिटाला बाया घागरी घेऊन आल्या. मी त्यानंतर प्यालो. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आज लाज वाटून सांगतोय.

पुढे महेबूब लातूरला आला आणि त्याचं बस्तान बसलं. त्याचा आवाज खणखणीत, वागणं गोड, म्हणून मंचवाले त्याला बोलवायचे आणि कमिटीवालेही त्यालाच. मंचच्या सभेत मंडपाच्या कडेला उभा राहून तो स्वतःच्याच जमातीला घातलेल्या शिव्या तास-दीड तास ऐकायचा. मी एकदा विचारलं, "महेबूब, तुला काही वाटत नाही का रे?"

"वाटतं ना," तो म्हणाला. "म्हणून तर आवाज कमी ठेवतो."

त्यातूनच आमची युक्ती निघाली. माईकचा आवाज एका विशिष्ट जागी वाढवला की भोंगा कुईंऽऽ करून किंचाळतो. वक्ता तापत तापत 'उद्यापासून त्यांच्या...' इथवर आला की मी चष्मा काढून पुसायला घ्यायचो. महेबूब बटण फिरवायचा. कुईंऽऽ! लोक कानावर हात ठेवायचे, पोरं हसायची, वक्ता 'हॅलो, हॅलो' करत बसायचा आणि गाडी रुळावरून घसरायची. महेबूब धावत जाऊन वायर हलवायचा, माफी मागायचा. हे काम तो दोन्ही बाजूंना सारख्याच इमानाने करायचा. कमिटीने बोलावलेला एक दाढीवाला वक्ता तर भोंगा तीनदा किंचाळल्यावर रुसून खालीच बसला. मी कितीतरी वर्षं पोलिसात होतो. समाजात शांतता राखल्याचं समाधान मला त्या बटणाने जितकं दिलं तितकं दांडक्याने दिलं नाही.

दरम्यान लातुरात क्लासची लाट आली. ज्याला खोली होती त्याने ती भाड्याने दिली, ज्याला चूल होती त्याने मेस काढली. गल्लोगल्ली पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लागले. के. डी. सरांनी कॉलेज सोडून फिजिक्सचा क्लास काढला. शिकवायचे उत्तम, हे मी वैरी असूनही लिहितो. रविवारी संध्याकाळी त्याच हॉलमध्ये फुकटचं 'व्यक्तिमत्त्व विकास' व्याख्यान ठेवायचे. मी दारापाशी बसून ऐकलं. देशाचे शत्रू कसे ओळखावेत याच्या चार सोप्या युक्त्या, फळ्यावर आकृती काढून. पोरं मान खाली घालून उतरवून घेत होती. शेवटी एका पोरीने हात वर केला. "सर, हे एंट्रन्सला आहे का?"

सर म्हणाले, नाही. पुढच्या रविवारी हॉल अर्धा रिकामा.

म्हणून मग सर मैदानात उतरले. तिथे एंट्रन्सची भानगड नव्हती. मंचचे ते मुख्य वक्ते झाले आणि त्यांची भाषणं धारदार होत गेली. मी शब्दन् शब्द उतरवत होतो. एका भाषणावरून त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला तो माझ्याच वहीच्या आधाराने. दुसरा पुरावा नव्हता.

अशात आम्हाला नवे साहेब आले. तरुण, हुशार, कामाचा उरक दांडगा. त्यांनी एक कॉम्प्युटर आणवला आणि आमचे सगळे जुने अहवाल त्यात भरायला लावले. कोण माणूस किती सभांना हजर होता, हे यंत्र सांगणार होतं. महिन्याभराने साहेबांनी मला आत बोलावलं. चेहरा उजळलेला. "जमादार, इतकी वर्षं तुम्ही इथे आहात. जिल्ह्यातला सर्वांत कट्टर माणूस कोण, सांगा."

मी के. डी. सरांचं नाव घेतलं.

"ते यादीत खूप खाली आहेत," साहेब म्हणाले. सर नेहमी वक्त्यांच्या रकान्यात असायचे आणि यंत्रात भरला होता तो उपस्थितांचा रकाना. "पहिला आहे शेख महेबूब. मंचच्या जवळपास प्रत्येक सभेला हजर, आणि कमिटीच्याही. याचा अर्थ कळतो? दोन्हीकडून आग लावणारा माणूस आहे हा. याला तडीपार करायचा."

मला हसू आलं आणि ते तोंडातच विरलं. साहेब, तो माईकवाला आहे, असं मी म्हणालो. साहेब म्हणाले, "उत्तम आडोसा आहे."

नोटीस बजावायला मलाच पाठवलं. महेबूबने पोरीच्या शिक्षणासाठी क्लासच्या जवळ दोन खोल्या घेतल्या होत्या. नाझिमा बारावीला होती, डॉक्टरकीच्या परीक्षेला दोन महिने उरले होते. सरकारी मराठी बापाला कळेना म्हणून तिनेच नोटीस मोठ्याने वाचली. "सदर इसम हा मंचचा सक्रिय कार्यकर्ता असून... अब्बा! तुम्ही मंचचे कार्यकर्ते?" ती खदाखदा हसली. मग पुढची ओळ आली. लातूर, नांदेड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतून दोन वर्षांकरिता. ती हसायची थांबली.

"देगलूरला बहीण हाय माझी," महेबूब म्हणाला. "तितं बी जायचं न्हाई?"

"देगलूर नांदेडातच येतं."

"मंग ह्या दोघी मायलेकी इतं एकट्या? अनं भोंगे कोन लावनार? पोरीची फी?" त्याने कागद माझ्या हातातून घेतला, उलटा केला, परत सुलटा केला. "जमादार, माजं नाव कुनी घातलं ह्यात?"

खोटं बोलता आलं असतं. पण समोर पोरगी उभी होती. "मी," असं म्हणालो.

"का?"

"दहा पुरे करायला."

त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. शेवटी मी म्हणालो, साहेबांना भोंग्याच्या त्या कुईंऽऽ शिट्टीचं सांगतो. तू किती भाषणं बिघडवलीस ते कळलं की ते तुला सोडतील, वर शाबासकी देतील. महेबूब ताडकन उभा राहिला. "शिट्टीचं तोंडातून काढायचं न्हाई! सरकार मला जिल्ह्यातून काढंल. ह्ये लोक मला दुनियेतून काढतील. दोनी बाजूचे मिळून."

त्याचं खरं होतं. ठाण्यातली कुठलीही गोष्ट संध्याकाळपर्यंत चहाच्या गाड्यावर पोचायची, हे मला सांगायची गरज नव्हती.

म्हणजे मार्ग एकच उरला. तडीपारीची सुनावणी प्रांतबाईंसमोर होती. मी साक्षीला उभा राहिलो आणि सांगितलं, की शेख महेबूब हा माईकवाला आहे. रकाना भरण्यासाठी त्याचं नाव मी भोंग्यावर वाचून लिहीत होतो. तो माणूस कुठल्याही संघटनेत नाही. आमचे साहेब भिंतीकडे बघत बसले होते. प्रांतबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"किती वर्षं लिहीत होतात?"

"अकरा-बारा, मॅडम."

"आणि बाकीची नऊ नावं?"

"ती खरी आहेत, मॅडम."

"कशावरून?"

मी स्वतःच तर आत्ता त्यांना सांगितलं होतं, की मी न बघता लिहितो.

तडीपारी रद्द झाली. मला एक वेतनवाढ गमवावी लागली आणि उदगीरला बदलीचा हुकूम निघाला. ते मी हसत घेतलं असतं. पण माझ्या त्या जबाबाची नक्कल के. डी. सरांच्या वकिलाने मिळवली. ज्या जमादाराची नावं खोटी, त्याने उतरवलेलं भाषण खरं कशावरून? सर निर्दोष सुटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या घरी पेढ्यांचा पुडा पाठवला. बायकोने तो पुडा न उघडता कचऱ्यात टाकला आणि मला म्हणाली, "बारा वर्षांत एकदा मान वर करून माणसाकडे बघितलं असतं तर?"

सुटकेचा सत्कार मैदानावर झाला. माझी लातुरातली ती शेवटची कामगिरी. माईक महेबूबचाच होता. त्याच्याशी माझं सुनावणीनंतर बोलणं झालं नव्हतं. भेटेल, दोन शब्द बोलेल, अशी माझी आशा होती. सर तापत गेले. बोलता बोलता फळांच्या गाड्यांपाशी आले. त्या गाड्या कुणाच्या, त्या कुठे उभ्या राहतात, नावानिशी. मी चष्मा काढला आणि पुसायला लागलो.

महेबूबने माझ्याकडे बघितलं. नीट, सरळ बघितलं. मग दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि खाली वायरीकडे बघत उभा राहिला. सरांचा शब्दन् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ गेला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी तो चष्मा किती वेळ पुसत होतो, मलाच माहीत.

सभा संपल्यावर मी त्याच्याकडे गेलो. तो वायर गुंडाळत होता. "जमादार," तो मान वर न करता म्हणाला, "ह्या भानगडीत पोरगी परीक्षेला बसायची राहिली. मला आता कुनाच्याच कामाचा मानूस व्हायचं न्हाई. तुमच्या बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानामागच्या रस्त्यावर चार गाडे उलटवले. केळी, सफरचंदं चिखलात. एका म्हाताऱ्या फळवाल्याचा हात कोपरापासून मोडला. माझा राग महेबूबवर नव्हता, आजही नाही. ज्याने एका वस्तीसाठी विषाच्या टाकीतलं पाणी पिऊन दाखवलं, त्याला हात मागे बांधायला मी शिकवलं. ते के. डी. सरांना जमलं नव्हतं.

नाझिमा पुढच्या वर्षी परीक्षेला बसली आणि डॉक्टर झाली. लातुरात तिचा दवाखाना चांगला चालतो. महेबूब रस्त्यात भेटला तर सलाम करायचा, त्यापुढे नाही. मीही दवाखान्याची पायरी चढलो नाही. खोकला झाला तरी दुसरीकडे जायचो. दोन वर्षांपूर्वी तो वारला. मी मातीला गेलो, मागे उभा राहिलो आणि घरी आलो.

यंदा गणपतीच्या आधी नाझिमाचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "काका, अब्बांना नोटीस आलीय. सणात शांतता राखायची हमी द्या म्हणून. मी पोलिसाला म्हटलं, कब्रस्तानात चला, तिथे एकदम शांतता आहे. तर तो म्हणाला, यादीत नाव आहे." मग तिचा आवाज बदलला. "अब्बा असताना दर वर्षी यायची. ते गुपचूप जाऊन सही करून यायचे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. तडीपारी रद्द झाली होती. यादीतून नाव काढायचा हुकूम कुणी दिलाच नव्हता.

मी तिच्याकडून मृत्यूचा दाखला घेतला आणि ठाण्यात गेलो. टेबलाशी एक तरुण पोलीसबाई होती, मला ओळखणारं आता तिथे कुणी नाही. तिने आदबीने खुर्ची दिली, दाखला वाचला, अर्ज काढला. चांगली मुलगी. म्हणाली, "काका, नाव कमी करायला अर्जदाराचं मयताशी नातं लिहावं लागतं. तुम्ही त्यांचे कोण?"

"ज्याने त्यांचं नाव यादीत घातलं तो," मी म्हणालो.

ती हसली. तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. "असं न्हाई लिहिता येत, काका. मित्र लिहू?"

तिने लिहिलंही. मग कागद माझ्याकडे सरकवून 'वरील माहिती खरी आहे' या ओळीखाली बोट ठेवलं, आणि मी सही केली.